‘आणखी काय चालू आहे?’ : मिश्र चिकित्सेच्या काळातील एक आवश्यक प्रश्न

आयुर्वेदीय चिकित्सेसाठी येणारा रुग्ण आज क्वचितच पूर्णतः औषधविरहित असतो. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या घरी रक्तदाबाची, मधुमेहाची वा थायरॉइडची एखादी गोळी नित्याची झालेली असते. अम्लपित्त, मलावष्टंभ, संधिशूल, अनिद्रा, कास यांसारख्या दैनंदिन तक्रारींसाठी तो आपल्याकडे येतो आणि मूळ व्याधीचे आधुनिक औषध तिकडे चालूच राहते. दोन्ही चिकित्सापद्धतींचा समन्वय साधावा, असे आपण व्यासपीठांवरून सांगतो. परंतु हा समन्वय रुग्णाच्या उदरात आधीच सुरू झालेला असतो, आणि बहुतेक वेळा त्याची वार्ता दोन्हीकडच्या चिकित्सकांना नसते. या विषयाचा व्यवहारोपयोगी विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक अनुभव

प्रारंभी माझ्याच हातून घडलेली एक चूक नमूद करतो. बासष्ट वर्षे वयाच्या एक गृहिणी ऊर्ध्वग अम्लपित्तासाठी आल्या होत्या. उरोदाह, अम्लोद्गार, रात्री वाढणारा त्रास अशी लक्षणे होती. प्रकृती, अग्नी, कोष्ठ, आहारविहार यांची विचारपूस करून यष्टिमधु चूर्ण ३ ग्रॅम दिवसातून दोन वेळा, पंधरा दिवसांसाठी दिले. उपशय उत्तम मिळाला. बाईंनी ते चूर्ण पुढे दुकानातून स्वतःच आणून सुमारे दोन महिने चालू ठेवले. त्यानंतर त्या आल्या त्या पायांतील बळ गेल्याची तक्रार घेऊन. जिना चढवेना, पायांवर सूज आलेली, रक्तदाब पूर्वीपेक्षा वाढलेला. रक्ततपासणीत पोटॅशियम २.८ निघाले. प्राकृत प्रमाण साधारण ३.५ ते ५ असते. चौकशीअंती समजले, की रक्तदाबासाठी त्या अनेक वर्षांपासून मूत्रल गोळी घेत होत्या.

“काकू, ही गोळी आधी का नाही सांगितलीत?” असे विचारले, तेव्हा त्या सहजपणे म्हणाल्या, “ती तर रोजचीच आहे डॉक्टर. ती काय सांगायची?”

त्यांना त्याच दिवशी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठविले. यष्टिमधु बंद केले, पोटॅशियमची पूर्ती झाली आणि काही आठवड्यांत त्या पूर्ववत झाल्या. दोष यष्टिमधूचा नव्हता, रुग्णाचाही नव्हता. कोष्ठ मृदू की क्रूर हे मी विचारले, पण ‘आणखी काय चालू आहे?’ हे विचारले नाही.

शास्त्राचा आधार

हा प्रश्न आधुनिकांकडून उसना घेतलेला आहे, असे समजण्याचे कारण नाही. तीक्ष्ण विषदेखील युक्तीने योजल्यास उत्तम औषध ठरते आणि उत्तम औषधही दुर्योजित झाल्यास विषासमान होते, हा चरकाचार्यांचा सिद्धांत सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात येतो. त्याच स्थानातील सव्विसाव्या अध्यायात विरुद्धाचे अठरा प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील संयोगविरुद्ध, मात्राविरुद्ध व कालविरुद्ध हे तीन प्रकार मूळ संदर्भात आहाराविषयी असले, तरी दोन औषधांच्या एकत्र योजनेकडे पाहण्याची दृष्टी आपल्याला त्यांतून मिळते. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात पिप्पली, क्षार व लवण यांचा अतियोग टाळण्यास सांगितले आहे, म्हणजे द्रव्य हितकर असूनही त्याची मात्रा व कालावधी यांना मर्यादा आहे. आणि सुश्रुत व वाग्भट यांनी सांगितलेले दहा औषधकाल तर या विषयात थेट उपयोगी पडतात, ते पुढे पाहू.

परस्परक्रिया कशी घडते?

दोन औषधांचा परस्परांवर होणारा परिणाम मुख्यतः तीन ठिकाणी घडतो. पहिले स्थान महास्रोतस. येथे एक द्रव्य दुसऱ्याला बांधून ठेवते अथवा त्याचे शोषण वाढविते किंवा घटविते. दुसरे स्थान यकृत व आंत्रभित्ती. येथील विकरे औषधाचे रूपांतर करतात आणि वनस्पतिद्रव्ये या विकरांची गती मंद वा शीघ्र करू शकतात. तिसरे म्हणजे प्रत्यक्ष कर्मस्थान, जेथे दोन्ही औषधांचे कर्म एकमेकांत मिळते किंवा परस्परांना छेदते. या तीन स्थानांच्या अनुरोधाने काही नित्य वापरातील द्रव्ये पाहू.

१. यष्टिमधु

यष्टिमधूतील ग्लिसिरायझिनमुळे वृक्कातील एका विकराचे कार्य थांबते. हे विकर एरवी कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्क्रिय करीत असते. ते थांबल्यावर कॉर्टिसॉल अल्डोस्टेरोनसारखे वागू लागते. परिणामी शरीरात लवण व जल साचते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम मूत्रावाटे निघून जाते. रुग्ण मूत्रल गोळी घेत असेल तर पोटॅशियमची हानी दुहेरी होते. डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियम घटल्याने त्या औषधाची विषाक्तता वाढते व हृद्गती बिघडू शकते.

युरोपीय तज्ज्ञ समितीने आहारातून जाणाऱ्या ग्लिसिरायझिनची दैनंदिन मर्यादा १०० मिलिग्रॅम सुचविली आहे. मुळातील त्याचे प्रमाण जाती व प्रदेशानुसार बदलते. ते चार टक्के धरले तरी ३ ग्रॅम चूर्णात १२० मिलिग्रॅम होते. अल्पकाळ व योग्य मात्रेत देताना भय बाळगण्याचे कारण नाही. परंतु उच्च रक्तदाब, हृद्रोग, वृक्कविकार किंवा मूत्रल औषध असलेल्या रुग्णास ते आठवडेच्या आठवडे देणे टाळावे. अशा रुग्णाच्या अम्लपित्तात शतावरी, आमलकी इत्यादींचा विचार करता येतो.

२. पिप्पली व त्रिकटु

पिप्पली व मरिच यांतील पिपरिन अन्य औषधांचे शोषण वाढविते आणि त्यांचे रूपांतर मंदावते. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत (आजची भारतीय समवेत औषध संस्था) यावर दीर्घकाळ कार्य झाले. त्यातूनच क्षयावरील रिफाम्पिसिनची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम ठेवून सोबत १० मिलिग्रॅम पिपरिन देणारा कल्प पुढे आला. आपल्या योगांत त्रिकटूची योजना इतक्या ठिकाणी का आढळते, याचा एक उलगडा यातून होतो.

मात्र ज्या गुणामुळे पिप्पली उपकारक ठरते, त्याच गुणामुळे ती काही रुग्णांत सावधगिरीची बाब होते. फेनिटोइन, प्रोप्रॅनोलॉल व थिओफायलिन या औषधांची रक्तातील पातळी पिपरिनसह वाढते, असे निरोगी स्वयंसेवकांवरील अभ्यासांत दिसले आहे. यांपैकी फेनिटोइन व थिओफायलिन यांची हितकर व अहितकर मात्रा एकमेकींच्या फार जवळ असते. तमक श्वासाचा रुग्ण थिओफायलिन घेत असता त्याला पिप्पलीप्रधान योग अधिक मात्रेत व दीर्घकाळ दिल्यास हृल्लास, हृद्द्रव, कंप, अनिद्रा ही लक्षणे उद्भवू शकतात. ती व्याधीची लक्षणे समजून मात्रा वाढविली, तर अनर्थ होतो. सितोपलादी चूर्णात पिप्पलीचे प्रमाण एकतीस भागांत चार भाग आहे, त्यामुळे पाच-सहा दिवसांच्या सामान्य मात्रेने असे घडण्याची शक्यता अल्प. तरीही विचारून घेणे श्रेयस्कर.

३. शंखपुष्पी

अपस्माराच्या रुग्णाला, विशेषतः शालेय मुलांना, पालक ‘स्मरणशक्तीसाठी’ शंखपुष्पीचे सिरप स्वतःहून देतात. १९९२ मध्ये मुंबईतील संशोधकांनी एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. फेनिटोइनवर स्थिर असलेल्या दोन रुग्णांत शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदीय कल्प सुरू केल्यानंतर आवेग पुन्हा येऊ लागले व रक्तातील फेनिटोइन घटलेले आढळले. पुढे प्राण्यांवरील प्रयोगातही अनेक मात्रा एकत्र दिल्यावर तसाच परिणाम दिसला. शंखपुष्पीचे मेध्यत्व याने बाधित होत नाही. परंतु अपस्माराचे औषध चालू असलेल्या मुलाला हे सिरप सहज म्हणून देऊ नये, हे मात्र निश्चित.

४. गुग्गुळ

संधिवात व मेदोरोगात गुग्गुळकल्प दीर्घकाळ दिले जातात. शुद्ध गुग्गुळसत्त्वासोबत प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम या औषधांची शोषित मात्रा घटते, असे निरोगी स्वयंसेवकांवरील अभ्यासात दिसून आले आहे. ही दोन्ही औषधे रक्तदाब व हृच्छूलासाठी दिली जातात. तेव्हा गुग्गुळ सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात रक्तदाबाची नोंद दर आठवड्याला ठेवावी आणि तो वाढू लागल्यास त्याचे कारण गुग्गुळात शोधण्यास संकोच करू नये.

५. भस्मे व इसबगोल

शंख, कपर्दिक, प्रवाळ, मुक्ता ही कॅल्शियमप्रधान, तर लोह, मंडूर ही लोहप्रधान भस्मे. टेट्रासायक्लिन गटातील व सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके कॅल्शियम व लोहाशी बद्ध होतात आणि शोषली जात नाहीत. थायरॉक्सिनच्या गोळीचेही तसेच. इसबगोलाचा पिच्छिल लगदादेखील थायरॉक्सिनचे शोषण कमी करतो. रुग्ण गोळी नियमित घेतो, तरी तपासणीत टीएसएच वाढलेलेच निघते आणि थायरॉक्सिनची मात्रा अकारण वाढविली जाते.

येथे औषधकालाचा विचार उपयोगी पडतो. थायरॉक्सिन प्रातःकाळी रिक्त कोष्ठी घ्यावयाचे असते, म्हणजे तो अभक्तकाल त्या गोळीचा झाला. आपली भस्मे अधोभक्त किंवा सभक्त द्यावीत, इसबगोल रात्री द्यावे आणि दोहोंमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे. एवढ्याने दोन्ही औषधे निर्बाध चालतात. सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असल्यास ते भस्माच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यावे. शक्य असल्यास त्या पाच-सात दिवसांपुरते भस्म थांबवावे, हे अधिक सोपे.

६. मधुमेहातील द्रव्ये

मेथिका, कारवेल्लक, मेषशृंगी यांचे रक्तशर्करा घटविण्याचे कर्म सर्वज्ञात आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या वा इन्सुलिन चालू असता ही द्रव्ये भर मात्रेत सुरू केल्यास दोन्ही कर्मे एकत्र येऊन शर्करा अतिशय घटू शकते. अतिस्वेद, कंप, भ्रम, असंबद्ध बोलणे ही लक्षणे रुग्णाला व घरच्यांना आधीच समजावून सांगावीत. वृद्ध एकटे राहत असतील तर अधिक जपावे. मात्रा अल्प ठेवून वाढवीत न्यावी, शर्करेची नोंद ठेवावी आणि गोळी कमी करण्याचा निर्णय तिच्या चिकित्सकाशी बोलून घ्यावा.

आसवारिष्टांबाबत दोन सूचना. त्यांतील गूळ वा शर्करा मधुमेहींच्या हिशेबात धरावी. आणि त्यांत साधारण ५ ते १० टक्के स्वयंजनित मद्यार्क असतो, हे विसरू नये. मद्यमुक्तीसाठी डायसल्फिराम घेणाऱ्या रुग्णास आसवारिष्ट देणे धोक्याचे आहे. मुख आरक्त होणे, छर्दी, हृद्द्रव, रक्तदाब घटणे अशी तीव्र प्रतिक्रिया होऊ शकते. हा रुग्ण आपले औषध लाजेने सांगत नाही, म्हणून त्याला एकांतात विचारावे.

७. वत्सनाभयुक्त कल्प

प्रतिश्याय व ज्वरासाठी त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव यांसारखे कल्प अनेकजण दुकानातून स्वतः मागून नेतात. शुद्ध वत्सनाभ असले तरी ते अनुसूची ई(१) मधील द्रव्य आहे. हृद्गतीचा विकार असलेल्या किंवा त्यासाठी औषध घेणाऱ्या रुग्णास असा कल्प वैद्याच्या देखरेखीविना मिळता कामा नये. या अनुसूचीतील द्रव्ये असणाऱ्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. ती विक्रेत्याने स्वतः वाचावी आणि ग्राहकाला दाखवावी.

घरची औषधेही विचारावीत

‘आणखी काय’ या प्रश्नात केवळ गोळ्या येत नाहीत. रोजचा गुळवेलीचा काढा, लसणाच्या पाकळ्या, कोरफडीचा रस, कुणी सुचविलेला अश्वगंधेचा डबा, हेही त्यात येतात. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन घेणाऱ्याने औषधी मात्रेत लसूण सुरू केली तर रक्तस्रावाची भीती वाढते. अश्वगंधेने थायरॉइड संप्रेरकांची पातळी वाढू शकते, म्हणून थायरॉक्सिन घेणाऱ्या रुग्णात ती तपासणीविना चालू ठेवू नये. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर रुग्ण घेत असलेली सर्व वनौषधी भूलतज्ज्ञांना किमान दोन आठवडे आधी कळवावीत.

गुळवेलीचे उदाहरण बोधप्रद आहे. कोविडच्या साथीत ‘प्रतिकारशक्तीसाठी’ तिचा काढा घरोघरी निघू लागला. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृतशोथ आढळल्याचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख निश्चित केली नसल्याचे निदर्शनास आणले आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जातीची वेल, टिनोस्पोरा क्रिस्पा, वापरली गेली असण्याची शक्यता मांडली. वाद तज्ज्ञांचा आहे. पण आपल्यापुरते दोन बोध स्पष्ट आहेत. द्रव्याची ओळख पटल्याशिवाय ते देऊ नये, आणि उत्तम द्रव्यही महिनोन्‌महिने विनाकारण घेऊ देऊ नये. ज्याला आधीच यकृतविकार किंवा स्वप्रतिकारजन्य विकार आहे, त्याच्याबाबत तर विशेषच.

प्रश्न कसा विचारावा?

‘ॲलोपॅथीचे औषध चालू आहे का?’ असे विचारले की रुग्ण पुष्कळदा नाही म्हणतो. वैद्य रागावतील अशी त्याला धास्ती असते, किंवा वरील काकूंप्रमाणे रोजची गोळी त्याच्या लेखी औषधच नसते. म्हणून प्रश्न पुढीलप्रमाणे फोडून विचारावा.

(१) रोज सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडावाटे कोणकोणत्या गोळ्या, चूर्णे, काढे जातात?
(२) रक्तदाब, साखर, थायरॉइड, हृदय, फिट, दमा, मानसिक विकार, रक्त पातळ करणे यांपैकी कशासाठी काही घेता का?
(३) गेल्या महिन्याभरात प्रतिजैविके वा वेदनाशामके घेतली का?
(४) कुणाच्या सांगण्यावरून, जाहिरात पाहून काही सुरू केले आहे का?
(५) एखादी शस्त्रक्रिया ठरली आहे का, अथवा गर्भधारणेची शक्यता आहे का?

याहून सोपा उपाय म्हणजे पुढच्या भेटीला ‘घरातील औषधांची सगळी पिशवी’ घेऊन येण्यास सांगणे. उत्तर रुग्णपत्रिकेवर लिहून ठेवावे आणि प्रत्येक भेटीत पुन्हा विचारावे, कारण मधल्या काळात तिकडचे औषध बदललेले असते.

एक गोष्ट आवर्जून. आधुनिक औषध आपण होऊन एकदम बंद करू नये. अपस्माराची औषधे, प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे आणि दीर्घकाळ चालू असलेली स्टेरॉइड्स अकस्मात थांबविल्यास प्राणावर बेतू शकते. बदल हवासा वाटला तर संबंधित डॉक्टरांना चार ओळींचे पत्र लिहावे. आपण काय देत आहोत, कोणत्या मात्रेत, किती दिवस आणि कोणत्या तपासणीची अपेक्षा आहे, एवढेच लिहावे. अशा पत्राने आपला मान कमी होत नाही. माझा अनुभव असा, की उत्तरही बहुधा येते.

औषधविक्रेत्यांसाठी

आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीस परवाना लागतो, विक्रीस मात्र स्वतंत्र परवाना लागत नाही. त्यामुळे वैद्याने पंधरा दिवसांसाठी लिहिलेले चूर्ण पुढे दोन महिने चालू राहावे की नाही, हे पाहणारी शेवटची व्यक्ती म्हणजे दुकानाच्या फळीमागे उभा असलेला विक्रेता. वर उल्लेखिलेल्या काकूंना कोणी एकदा जरी विचारले असते, की ‘मावशी, हे किती दिवस घेता आहात?’ तर पुढचे टळले असते. म्हणून विक्रेत्यांनी एवढे करावे: जुन्या चिठ्ठीवर वारंवार औषध नेणाऱ्यास वैद्यांकडे पुन्हा पाठवावे. अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेले कल्प चिठ्ठीविना देऊ नयेत. यष्टिमधु, गुग्गुळ, शंखपुष्पी, इसबगोल आणि भस्मे मागणाऱ्यास ‘आणखी कोणते औषध चालू आहे?’ हे विचारावे. आणि गर्दीच्या वेळीही हा प्रश्न नोकरवर्गाकडून विचारला जाईल अशी सवय लावावी.

नोंद व कळविणे

अनिष्ट परिणाम दिसला तर तो दडवू नये. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसाठी राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम २००८ मध्ये जामनगर येथील गुजरात आयुर्वेद विद्यापीठात सुरू झाला. पुढे नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्था ही त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र झाली. संशयित परिणाम कळविण्याचा नमुना सोपा आहे. कार्यकारणभाव सिद्ध करण्याची जबाबदारी कळविणाऱ्यावर नाही, संशय पुरेसा आहे. असे कळविल्याने आयुर्वेदाची बदनामी होते, हा गैरसमज सोडून द्यावा. आपण नोंदी ठेवल्या नाहीत तर इतरांनी ठेवलेल्या अपुऱ्या नोंदींवरून आपल्या द्रव्यांचा न्याय होतो, हे गुळवेलीच्या प्रकरणात दिसून आले.

उपसंहार

रुग्णाचा साकल्याने विचार करणे हे आपल्या शास्त्राचे वैशिष्ट्य म्हणून आपण अभिमानाने सांगतो. रुग्ण जे जे सेवन करतो ते ते सर्व त्या साकल्यात येते, मग ते आपण दिलेले असो वा इतरांनी. प्रकृती, अग्नी, कोष्ठ, सात्म्य यांच्या पंक्तीत रुग्णपत्रिकेवर आणखी एक रकाना आखावा: ‘चालू असलेली अन्य औषधे’. माझ्या पत्रिकेवर तो रकाना त्या काकूंच्या प्रसंगानंतर आला. वाचकांनी तो प्रसंगाची वाट न पाहता आखावा, एवढीच विनंती.